पानगळीची तरतूद
पेशींच्या ठरलेल्या मरणापासून स्वतःला सावरणाऱ्या संगणकापर्यंत

आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचा हात होडीच्या वल्ह्यासारखा चपटा असतो. त्यात बोटे असतात, पण ती एकमेकांना जोडलेली. पुढच्या दोनएक आठवड्यांत ती सुटी होतात. ही बोटे झाडाला फांदी फुटावी तशी फुटतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात दोन बोटांमधल्या पेशी मरून जातात आणि बोटे मोकळी होतात. कोंबडीच्या पायात या पेशी मरतात म्हणून तिची बोटे सुटी. बदकाच्या पायात त्या बऱ्याचशा टिकतात म्हणून त्याला पोहायला पडदा मिळतो. शाडूचा मूर्तिकार माती लावत लावत मूर्ती घडवतो, तर पाषाणाचा शिल्पकार नको तेवढे काढून टाकून. निसर्ग ही दोन्ही कामे एकाच देहात करतो.

हे मरण अपघाती नसते, पेशीच्या जन्माबरोबरच त्याची तरतूद झालेली असते, हे विज्ञानाला नीट कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. पुढे संगणकाच्या कारागिरांनाही तीच गोष्ट कळली, तीही वेगळ्या वाटेने आणि पुष्कळ ठेचा खाऊन. या दोन वाटा कुठे आणि कशा मिळाल्या, याचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

नाव मिळेपर्यंत

कार्ल फोक्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये बेडकाच्या जातीतल्या एका प्राण्याच्या पिलांचा अभ्यास करताना पाहिले, की वाढत्या देहातल्या काही पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्या येतात. पुढे १८८५ मध्ये वाल्थर फ्लेमिंग याने मरणाऱ्या पेशींची चित्रेही काढली. पण त्या काळी सगळ्यांचे लक्ष पेशी जन्मते कशी याकडे होते. ती मरते कशी, हा कोणाला महत्त्वाचा प्रश्न वाटत नव्हता.

नंतर १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी रेशमाच्या पतंगावर काम केले. कोशातून बाहेर पडण्यासाठी हा पतंग पोटाचे काही स्नायू वापरतो. तो बाहेर आला की त्या स्नायूंचे काम संपते आणि थोड्याच काळात ते विरघळून जातात. या मरणाला त्यांनी ‘प्रोग्राम केलेला पेशीमृत्यू’ म्हटले. हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो काळ संगणकाच्या उदयाचा होता आणि ‘प्रोग्राम’ हा शब्द सगळीकडे नवा नवा रुळत होता. संगणकशास्त्राने जीवशास्त्राकडून कल्पना घेतली, असे आज आपण म्हणतो. पण पहिली उसनवारी शब्दाची होती आणि ती जीवशास्त्राने केली होती.

त्याच दशकात जॉन केर हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर लंडनमध्ये उंदराच्या यकृताचा अभ्यास करत होता. यकृताकडे जाणारी एक रक्तवाहिनी बांधल्यावर काही पेशी फुगून फुटत, त्यांतला ऐवज बाहेर सांडे आणि आजूबाजूला दाह होई. हे अपघाती मरण वैद्यकाला माहीत होते. पण काही पेशी वेगळ्याच रीतीने मरत होत्या. त्या आक्रसत, त्यांचे लहान लहान गुंडाळलेले तुकडे होत आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत. ना सांडलवंड, ना दाह. पुढे स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन येथे अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी यांच्याबरोबर केरने १९७२ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. या मरणाला नाव सुचवले ते तिथल्याच ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. ते नाव म्हणजे ‘अपॉप्टॉसिस’. झाडाची पाने गळणे किंवा फुलाच्या पाकळ्या झडणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे यासाठी ‘पानगळ’ हा नेमका शब्द आहेच. वाऱ्याने फांदी मोडणे वेगळे आणि देठ आपणहून सुटून पान गळणे वेगळे. पान गळते म्हणून झाड कमी पाण्यात तग धरते.

एकशे एकतीस पेशी

या पानगळीचा हिशेब चोख लागला तो एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीमुळे. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे हा कृमी अभ्यासासाठी निवडला. तो पारदर्शक असतो, त्यामुळे जिवंत असतानाच त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी तासन्तास बसून एकेका पेशीची वंशावळ लिहून काढली. आपल्याकडे भाट किंवा तीर्थक्षेत्रीचे उपाध्ये चोपडीत कुळाच्या पिढ्या लिहून ठेवतात, तशीच. हिशेब असा निघाला : वाढ होताना या कृमीत देहाच्या १,०९० पेशी जन्मतात, त्यांपैकी १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर कृमीत त्याच १३१ पेशी, त्याच ठिकाणी आणि जवळजवळ त्याच वेळी मरतात.

रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी अमेरिकेत याच्या पुढचा टप्पा गाठला. या मरणामागे ठरावीक जनुके आहेत, हे १९८६ मध्ये दिसले. दोन जनुके मारण्याचे काम करतात. ती बिघडली तर त्या १३१ पेशी मरतच नाहीत. तिसरे जनुक मारणाऱ्यांना आवरून धरते. ते बिघडले तर जगायच्या पेशीही मरू लागतात. शिवाय आणखी काही जनुके शेजाऱ्यांना मेलेल्या पेशी गिळायला लावतात. म्हणजे मारणारे, आवरणारे आणि मागचे साफ करणारे, अशी तिन्ही खाती इथे वेगवेगळी आहेत. माणसाच्या देहातही याच जातीची जनुके सापडली. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना या कामासाठी २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जगण्याची मुदतवाढ

लंडनच्या मार्टिन राफ यांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. ते म्हणाले, की बहुतेक पेशींना मरायला हुकूम लागत नाही, जगत राहायला लागतो. शेजारच्या पेशींकडून ‘तुझी गरज आहे’ असा रासायनिक निरोप येत राहतो, तोवर पेशी जगते. निरोप थांबला की ती आपले आपण आवरून घेते. पेशी आपल्या जागेवरून भरकटून परक्या ठिकाणी गेली, तर तिथे तिला हा निरोप मिळत नाही आणि ती मरते. देहाची शिस्त अशी राखली जाते.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे समजायला जड जात नाही. अस्थायी पद रद्द करायला वेगळा आदेश लागत नाही. मुदतवाढीचा आदेश आला नाही की ते पद आपोआप संपते. पेशीचे पदही अस्थायीच असते.

ही शिस्त मोडली की काय होते, ते कर्करोगात दिसते. पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. ते १९७९ मध्ये सापडले. पेशीच्या जनुकांना इजा झाली तर ते वाढ थांबवते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती होण्याजोगी नसेल तर पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले आढळते. कर्करोगाची पेशी इतरांपेक्षा फार बलवान असते असे नाही. ती मुदतवाढीवाचून खुर्चीत बसून राहते आणि आपल्यासारख्याच आणखी नेमणुका करत सुटते. याच्या उलट, गरजेच्या पेशी अवेळी मरू लागल्या तर तोही रोगच. मेंदूच्या झिजेच्या काही आजारांत असे होते. तेव्हा मरण सोपे करून भागत नाही, ते बिनचूकही असावे लागते.

न मरणारे प्रोग्राम

आता दुसरी वाट पाहू. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधन संस्था होती. तिथे जॉन शॉक आणि जॉन हप यांनी एक प्रोग्राम तयार केला आणि त्याला ‘वर्म’, म्हणजे कृमी, म्हटले. जाळ्याने जोडलेल्या संगणकांपैकी रात्री रिकामे असणारे संगणक शोधून तो त्यांवर आपले तुकडे बसवी. एखादा तुकडा बंद पडला, तर बाकीचे तुकडे ते ओळखून दुसऱ्या संगणकावर त्याची भरपाई करत. स्वतःला सावरणाऱ्या प्रोग्रामचा हा अगदी सुरुवातीचा नमुना. एका रात्री त्यांनी एक लहानसा कृमी चालू ठेवला आणि ते घरी गेले. सकाळी इमारतीतले सुमारे १०० संगणक बंद पडलेले होते. संगणक पुन्हा चालू करावा, की कृमी त्यावर येऊन बसे आणि तो परत बंद पडे. बहुधा एका प्रतीत बिघाड झाला होता आणि भरपाईच्या सोयीमुळे तोच बिघाड सगळीकडे पसरत होता. सुदैवाने त्यांनी ‘सर्वांनी थांबावे’ असा निरोप ओळखण्याची सोय आधीच करून ठेवली होती. तो निरोप जाळ्यात सोडल्यावर सारे थांबले. १९८२ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रांजळपणे लिहून प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास इंटरनेटचे नियम लिहिले जात होते. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असावा, असे १९८१ च्या नियमांत आहे. हा आकडा जास्तीत जास्त २५५. पाकीट एकेका टप्प्यावरून पुढे जाताना तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते. रस्ता चुकलेले पाकीट जाळ्यात कायम फिरत राहू नये, एवढाच यामागचा हेतू. ही तरतूद नसती, तर चुकलेल्या पाकिटांनीच रस्ते भरून गेले असते. आज आपण मुलाबाळांना पाठवतो त्या प्रत्येक फोटोची पाकिटे आपले आयुष्य असे मोजून घेऊनच निघतात.

ही सोय कोणी मुद्दाम मोडली तर काय होते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक कृमी सोडला. एका संगणकावर दोन प्रती भेटल्या, तर एकीने माघार घ्यावी, असे त्याने लिहिले होते. पण कोणी ‘इथे आधीच एक प्रत आहे’ असा खोटा निरोप देऊन कृमीला रोखील, या भीतीने त्याने सातांतल्या एका प्रतीने माघार घेऊच नये, अशीही सोय केली. त्या सातव्या प्रतीने घात केला. संगणकांवर प्रतींवर प्रती साचल्या आणि ते गुदमरले. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांतले सहा हजारांच्या आसपास लागण झालेले असावेत, असा तेव्हाचा अंदाज होता. मरणातून सूट मिळालेली प्रत कर्करोगाच्या पेशीसारखीच वागली. मॉरिसच्या डोळ्यांपुढे मात्र जीवशास्त्र नव्हते.

शंभर तास

वरच्या घटनांत खोळंबा झाला, जीव गेले नाहीत. आखाती युद्धात तसे झाले नाही. सौदी अरेबियातल्या धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्रांची एक तुकडी सलग १०० तासांहून अधिक चालू होती. तिचा संगणक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने वेळ मोजत असे आणि त्या अपूर्णांकात अगदी बारीकशी चूक होती. थोडे तास वापरल्यास ती जाणवली नसती. शंभर तासांत ती साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात येणारे स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी रडारने आकाशात चुकीच्या जागी पाहिले, तिथे काहीच दिसले नाही आणि प्रतिहल्ला झाला नाही. बराकीवर क्षेपणास्त्र पडून २८ सैनिक मृत्युमुखी पडले.

यंत्र फार वेळ चालू ठेवल्यास चूक वाढते, हे त्याआधी लक्षात आले होते. तशी सूचनाही गेली होती. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे तिच्यात नव्हते. सुधारलेला प्रोग्राम धहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला. दरम्यान यंत्र एकदा बंद करून चालू केले असते, तरी मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. मिनिट-दीड मिनिटाचे काम होते.

दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्रामला असे वार्धक्य येते, हे ओळखून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या येन्नुन हुआंग, चंद्रा किंतला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय मांडला : बिघडण्याची वाट न पाहता, ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपणहून थांबवून पुन्हा सुरू करावा. याला त्यांनी ‘पुनर्यौवन’ या अर्थाचे नाव दिले. कचेरीत संगणक अडला की कोणीतरी ‘बंद करून चालू करा’ म्हणते आणि आपण हसतो. त्या सल्ल्यामागे एवढे शास्त्र आहे.

मरू द्या, पण शेजाऱ्याला घेऊन नको

स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी १९८६ पासून ‘एर्लांग’ ही भाषा घडवत होते. टेलिफोन केंद्र कधीच बंद पडता कामा नये, ही त्यांची अट. त्यांनी काम हजारो छोट्या प्रक्रियांत वाटले. प्रत्येकीची स्मृती वेगळी, एकीने दुसरीच्या घरात हात घालायचा नाही, फक्त निरोप पाठवायचा. एखादी प्रक्रिया बिघडली तर तिने ठिगळे लावत रखडत बसू नये, सरळ मरावे. तिचे मरण तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मुकादम प्रक्रियेला कळते आणि तो तिच्या जागी नवी उभी करतो. यातली खरी खुबी पुढे आहे. ठरलेल्या वेळात ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक प्रक्रिया मेल्या, तर दोष वरच्या पातळीवर आहे असे मानून मुकादम स्वतःच थांबतो आणि प्रश्न त्याच्या वरच्याकडे जातो. व्हॉट्सॲपचे मध्यवर्ती संगणक याच भाषेवर उभे राहिले. तेव्हा सकाळी आपल्या गटात येणाऱ्या सुप्रभाताच्या निरोपांमागे अशा असंख्य प्रक्रिया रोज गुपचूप जन्मत आणि मरत असतात.

मात्र पुन्हा उभे राहण्याची सोय हीच रोग होऊ शकते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या एका टेलिफोन केंद्रात किरकोळ बिघाड झाला. त्याने ठरल्याप्रमाणे काही सेकंद थांबून स्वतःला सावरले आणि शेजाऱ्यांना ‘मी परत आलो’ असे कळवले. नव्याने बसवलेल्या प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे हे निरोप लागोपाठ आले की शेजारचे केंद्र थांबे. तेही स्वतःला सावरी, निरोप पाठवी आणि पुढचे केंद्र थांबे. कंपनीची ११४ केंद्रे सुमारे ९ तास अशी एकमेकांना पाडत राहिली. सगळीकडे प्रोग्राम एकच, म्हणून चूकही सगळीकडे एकच. केरने पाहिलेल्या पेशी मरताना शेजाऱ्यांना धक्का लागू देत नव्हत्या. इथे नेमके तेच साधले नव्हते.

उघड उसनवारी

यानंतर संगणकाच्या लोकांनी देहाकडे मुद्दाम पाहायला सुरुवात केली. श्वास आणि हृदयाचे ठोके आपण लक्ष न देता चालतात, तसे संगणकांनीही स्वतःला सांभाळावे, असा विचार आयबीएमने २००१ मध्ये मांडला. उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठातले रॉय स्टेरिट आणि अमेरिकेत नासाशी संबंधित माइक हिंची यांनी त्यात पेशीमृत्यूची कल्पना थेट आणली. एकट्याने निर्णय घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रामला मराठीत ‘कारभारी’ म्हणायला हरकत नाही. अशा प्रत्येक कारभाऱ्याला ठरावीक काळाने ‘जगत राहा’ असा निरोप मिळावा. तो मिळाला नाही, तर त्याने स्वतःला आवरून घ्यावे. राफ यांचे पेशीविषयीचे म्हणणे इथे अभियांत्रिकीचा नियम झाले.

ही कल्पना त्यांनी नासाच्या एका योजनेला लावून पाहिली. लघुग्रहांच्या पट्ट्यात सुमारे १,००० चिमुकली याने मुंग्यांच्या थव्यासारखी पाठवायची, अशी ती योजना. पृथ्वीवरून निरोप जायला कित्येक मिनिटे लागणार, म्हणून थव्याने आपले आपण निर्णय घ्यायचे. बरीच याने टकरींत नष्ट होणार, हे गृहीतच होते. पण नादुरुस्त होऊन भरकटलेले यान इतरांवर आदळले किंवा चुकीची माहिती देत राहिले तर? त्याने मुदतवाढीअभावी आपणहून थांबावे. योजना कागदावरच राहिली, विचार मात्र टिकला. स्टेरिट यांनी २०११ च्या लेखाच्या शीर्षकातच, मरण हीच मूळ स्थिती, असे म्हटले.

आज या विचाराची गरज प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. पत्रे लिहिणारे, खरेदी करणारे, पैसे भरणारे, दुसऱ्या प्रोग्रामला कामाला लावणारे कारभारी आता खरोखर तयार होत आहेत. वरच्या इतिहासावरून त्यांच्याबाबत तीन गोष्टी आधीच विचारून ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते. याची मुदत किती? मुदतवाढ कोण देणार, आणि ती देणाऱ्याची खोटी सही कोणी करू शकेल का? हा थांबल्यावर याचे काम कोण उचलणार आणि मागचा पसारा कोण आवरणार? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरवलेच नव्हते, म्हणून धहरानला २८ जण गेले. खोट्या सहीची भीती मॉरिसने चुकीच्या रीतीने मिटवली. आणि शेजाऱ्यांचा विचार राहून गेल्याने ११४ केंद्रे बंद पडली.

हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. कोणतेही गणेश मंडळ मूर्ती आणण्याआधीच परवानगीच्या अर्जात विसर्जनाचा दिवस, वेळ आणि मार्ग लिहून देते. स्वयंसेवकांची यादी जोडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाची जागा कोणी झाडायची हेही ठरवून ठेवते. त्यामुळे उत्सवाला बाध येत नाही. उलट, याच तरतुदीवर आपल्या कितीतरी मंडळांचे उत्सव पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत.